किरमिजी साडीचं मॅचिंग

प्रिय ताई,

आज आईनं जे केलं ना, ते तुला सोडून कोणाला सांगू?

तुझी लग्नाची साडी आत्याच्या प्राजूला द्यायचं ठरलंय. "न नेसलेली साडी घरात कशाला ठेवता?" आत्या म्हणे. आईला नाही म्हणता आलं नाही. ब्लाऊज मात्र तिनं ठेवून घेतलं, तुझ्या मापाचं आहे ते. मग नवीन ब्लाऊजपीस कोण आणणार? मॅचिंग सेंटरमध्ये दिवसभर गिऱ्हाइकांना कापड फाडून देणारा मी!

साडी आणलीस तेव्हा काय भाव खाल्लास! "ही क्रिमझन. गडद लाल, किंचित जांभळ्याकडे जाणारी. कार्माइन जरा उजळ." घरी पण इंग्लिशचा क्लास! आणि म्हणे दोन्ही शब्द किड्यावरून आलेत. आपला संस्कृतातला कृमी इराणी, अरबांकडून फिरत युरोपात गेला. तिकडे झाडावरचे किडे वाळवून, कुटून लाल रंग काढायचे. आपलं किरमिजीपण त्याच घरातलं.

"म्हणजे तू मांडवात किडे नेसून येणार?"

"गाढवा, आता केमिकलचा रंग असतो!"

मी भावजींना मेसेज टाकला, मांडवात पेस्ट कंट्रोल करून घ्या. कसली धावलीस मागे!

आणि एका फालतू डासानं तुला नेलं. हॉस्पिटलात मी जोक मारत बसलो. वाटलं, हसलीस की प्लेटलेट्स वाढतील. का नाही वाढल्या गं?

तर पीस जमेपर्यंत साडी घरातच राहणार, म्हणून मी रोज चुकीचा पीस आणायला लागलो. क्रिमझनऐवजी कार्माइन. "आई, दुकानातल्या ट्यूबलाइटमध्ये सेम वाटला गं!" आई तो गॅलरीत उन्हात धरायची, म्हणायची, "नाही रे जमत." मला वाटलं, काय उल्लू बनवतोय मी!

आज मालकानंच पीस काढून दिला. परफेक्ट. आईनं साडीवर ठेवला तर दिसेचना, इतका सेम. बराच वेळ बघत राहिली.

"हापण नाही जमत."

"आई, तोच आहे हा."

"कळतं मला. उद्या परत कर. चुकीचाच आण."

ताई, किती दिवस चालणार हे? प्राजूचं लग्न तोंडावर आलंय, साडी जाणारच. आणि राहिली तरी नेसणार कोण?

तरी उद्या कार्माइन आणतो. परवा पण. आत्या स्वतः दारात येईपर्यंत आणत राहीन, प्रॉमिस.

तुझाच गाढव,
ओम्या