आर्डिस कुणाची

प्रिय डेल्फा,

इतक्या उशिरा लिहितो आहे म्हणून रागावू नकोस. किंवा रागाव, पण पत्र फाडू नकोस, शेवटपर्यंत वाच. पाच वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही. वस्ती सोडून गेलेल्याचं नाव घरात घ्यायचं नाही, हा आपल्या बिशपचा नियम तुला माहीत आहे. मीही घेतलं नाही. तुझा पत्ता तुझ्या आईकडे होता, हे मला मागच्या आठवड्यात कळलं. कधीपासून ठेवलास, असं विचारलं, तर व्हर्ला पावाचं पीठ मळत राहिली आणि म्हणाली, "तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही." पाच वर्षं एका छपराखाली राहून बाईने ताकास तूर लागू दिली नाही. तू एल्कोला धुलाईच्या कारखान्यात आहेस, असं ती म्हणते. वाफेत फार वेळ उभी राहू नकोस. तुझी छाती लहानपणापासून नाजूक. तिकडे थंडीही फार, असं ऐकतो.

इथलं तू टीव्हीवर पाहिलंच असशील. एप्रिलमध्ये सरकारचे लोक आले. कुणीतरी तक्रार केली होती की या वस्तीत कोवळ्या मुलींची लग्नं लावतात. आधी पोलिसांच्या गाड्या आल्या, मग गावातल्या चर्चच्या बसगाड्या, आणि वस्तीतलं एकूण एक मूल त्यांनी उचललं. तुझी आर्डिस तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसली होती. तुझ्या तिघी आयांतली थोरली, ऑर्फा, तिच्या वेण्या घालत होती, एक झाली होती. पोलीस दारात उभा राहिला तरी ऑर्फाने हात थांबवला नाही. दुसरी वेणी तिने बसकडे चालता चालता घातली. मी मात्र नुसता कुंपण धरून उभा राहिलो.

तू आर्डिसला टाकून गेलीस असं मी म्हणत नाही. तिला घेऊन तुला कुंपण ओलांडता आलं नसतं. तू गेल्यावर ती आमच्याकडे आली, आणि ऑर्फाने तिला आपल्या अंथरुणात घेतलं. ऑर्फाला स्वतःचं मूल झालं नाही, पण हे कुणाला आठवतसुद्धा नाही, कारण तुम्ही सगळ्याच तिला ऑर्फाआई म्हणत होतात. आर्डिसही म्हणते. तुझ्याबद्दल तिला काही माहीत नाही. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खोटं कशाला लिहू?

मुलांना जिल्ह्याच्या गावी, जिथे गुरांचं प्रदर्शन भरतं त्या मोठ्या शेडमध्ये ठेवलं होतं. पहिले काही दिवस बायकांना बरोबर राहू दिलं, पुरुषांना नाही. तिथलं मी ऑर्फाच्या तोंडून ऐकलं. पाव म्हणजे कापूस, दूध चॉकलेटचं, आणि पोरं दोन दिवसांत आईने केलेलं जेवण विसरली म्हणून ती कुरकुरत होती. प्रत्येक मुलाच्या मनगटावर नावाची पट्टी बांधली होती. आपल्या बायकांनी पोरांकडून ती नावं थुंकी लावून पुसून घेतली. तान्ही बाळं या मांडीवरून त्या मांडीवर फिरवली. बाहेरच्याला आपण कुणाचे ते सांगायचं नाही, हे आपल्याकडे पोरं बोलायला लागली की शिकतात. मलाही आईने तेच शिकवलं होतं. सरकारची एक बाई, मिसेस प्रुइट, आर्डिससमोर वही घेऊन बसली. तुझी आई कोण, म्हणून विचारलं. आर्डिसने ऑर्फाआई, व्हर्लाआई, झायनाआई अशी माझ्या तिन्ही बायकांची नावं सांगितली. बाई म्हणाली, "अगं, पण जन्म कुणी दिला तुला?"

"देवाने," आर्डिस म्हणाली.

ऑर्फा सांगते, बाईला हसू आवरेना. ऑर्फाही हसली. मला मात्र वाटलं, हे उत्तर उद्या आपल्यावरच उलटेल.

आणि पुढे तसंच झालं. न्यायाधीशासमोर ऑर्फाने शपथ घेऊन सांगितलं की आर्डिस माझ्या पोटची. तिच्या मनात ते खोटं नव्हतंच. पण नंतर सगळ्यांच्या गालात आतून कापूस फिरवून तपासणी केली, कोण कुणाचं ते काढायला, आणि ऑर्फाचं काहीच जुळलं नाही. झायनाचं नाही. व्हर्लाचं थोडं जुळलं, पण आई म्हणून नाही. आता कोर्टाच्या लेखी ऑर्फा खोटारडी ठरली. तिला आर्डिसला नुसतं भेटायलाही बंदी आहे. झायना तिला टोमणा मारते, शपथ माझ्यावर सोडली असतीस तर मी निदान गोंधळून काहीतरी मोघम बोलले असते. आणि दोघी मिळून रडतात.

मग वरच्या कोर्टाने निकाल दिला की मुलं परत करा. मी ट्रक घेऊन गेलो होतो. शेडच्या दारात एकेका मुलाचं नाव पुकारत होते, आई पुढे होऊन सही करत होती, आणि मूल पळत येत होतं. आर्डिसचं नाव पुकारलंच नाही. दुपार झाली, शेड रिकामी झाली. ती बाकावर हात मांडीवर ठेवून सरळ बसली होती, जशी प्रार्थनेला बसवतो तशी. मी आत गेलो आणि म्हणालो, मी आजोबा आहे. मिसेस प्रुइट वाईट बाई नाही. तिने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाली, "मिस्टर टोलमन, या मुलीची आई कोण ते तुम्हाला ठाऊक आहे. सांगा ना." माझ्या शेजारी बिशपचा माणूस उभा होता. मी पाणी प्यालो.

आता आर्डिस सॅन अँजेलो शहरात एका नवरा-बायकोकडे आहे. त्यांनी तिला सायकल घेतली, आणि केस खांद्यापर्यंत कापले. त्यांना ती कायमची हवी आहे. मला एकदा भेटू दिलं. मी शेळ्यांच्या गोष्टी सांगत होतो, ती ऐकत नव्हती. मग हळूच म्हणाली, "बाबा, मी चुकीचं उत्तर दिलं का?" मी नाही म्हणालो. तिचा विश्वास बसला नाही. परत येताना मी दोनदा रस्ता चुकलो.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी शेवटची तारीख आहे. तोवर आई किंवा बाप उभा राहिला नाही, तर ती त्या जोडप्याला दत्तक जाईल आणि आपल्याला कधी दिसणार नाही. तिचा बाप लायमन तर गाल पुढे करायला येणार नाही. तुझं लग्न झालं तेव्हा तू सोळाची होतीस आणि तो पंचेचाळीसचा, हे कागदावर आलं की तो तुरुंगात जाईल. तो दुसऱ्या वस्तीत लपून आहे. बिशप परवा घरी येऊन आमच्या टेबलावर जेवला आणि जाताना म्हणाला, "हीबर, पोरीची आई शोधायला जाऊ नकोस. मूल देवाने नेलं असं समज." ऑर्फाने विचारलं, आणि चुकून परत मिळालंच तर? तो म्हणाला, मग ते लायमनच्या घरी जाईल, रक्त त्याचं आहे. ऑर्फाने त्याच्यासमोरची थाळी उचलून नेली. त्याचं अजून खाऊन झालं नव्हतं.

आता कशासाठी लिहितो आहे ते सांगतो, मला वळणं घेऊन बोलता येत नाही. तू ये. गालात कापूस फिरवू दे, आणि आर्डिस माझी आहे म्हणून सांग. तुझं वय विचारतील, तेही खरं सांग. लायमनचं काय व्हायचं ते होऊ दे. पण मुलीला घेऊन इकडे येऊ नकोस, डेल्फा. मी बोलावलं तरी नको, तुझी आई रडली तरी नको. तिला तिकडेच ने, शाळेत घाल. हे मी लिहिलं असं बिशपला कळेलच. मग मला वस्तीबाहेर काढतील, आणि ऑर्फा, व्हर्ला, झायना दुसऱ्या कुणाच्या घरी दिल्या जातील, तुला रीत माहीत आहे. तिघींना बसवून मी विचारलं. व्हर्ला म्हणाली, लिहा. ऑर्फा म्हणाली, आधीच उशीर केलात. झायनाने दिवा माझ्याजवळ सरकवला. माझी काळजी करू नकोस, मी कुठेही दोन शेळ्या राखीन. ऑर्फाचं एकच म्हणणं आहे, आर्डिसला रात्री कान दुखतो, तेव्हा मिठाची पुरचुंडी गरम करून धरायची. वस्तीच्या पत्त्यावर उत्तर पाठवू नकोस, तिथे फोडून वाचतात. गावातल्या पेंडीच्या दुकानात गस म्हणून आहे, त्याच्या नावाने पाठव. मी दर शनिवारी तिथे जातो, आता रोज जाईन. येतेस की नाही, एवढंच कळव, पण पत्र हातात पडल्या पडल्या कळव.

तुझाच बाप,
हीबर