लिफ्ट तपासनिसाला मानवेल असा धंदा

प्रिय साडूभाऊंना सप्रेम नमस्कार.

आम्ही दोघं इकडे ठणठणीत. तुमची कंबर, मेहुणीबाईंचे गुडघे आणि तुमच्या बेकरीतला तो घरघरणारा फ्रीज, या सगळ्यांची तब्येत आता सुधारली असेल. (फ्रीजचं मी मागच्या खेपेलाच बोललो होतो. तुम्ही हसण्यावारी नेलंत.) कंपनीने तुमचा करार वाढवला की अजून टांगणीलाच आहे, तेही कळवा. आमची ही रोज विचारते.

पत्रास कारण की, माझं एकदाचं जमलं! पण सगळं पहिल्यापासून सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही. तुम्हाला ठाऊकच आहे, एकतीस वर्षं मी लिफ्ट तपासल्या. धडधाकट लिफ्टमध्ये खोट शोधायची आणि वर त्याचा पगार घ्यायचा, असं सुखाचं आयुष्य गेलं. रिटायर झालो तर घरात लिफ्ट नाही. मग मी स्वयंपाकघर तपासायला घेतलं. कपाटाच्या बिजागऱ्यांना नंबर दिले, मिक्सरवर 'दुरुस्तीपर्यंत वापरू नये' अशी चिठ्ठी चिकटवली (ऑफिसातल्या शंभरेक उरल्यात, वाया कशाला घालवायच्या?) आणि हिची भाजी चिरायची पद्धत धोकादायक आहे असा शेरा दिला. त्यावर हिने सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, "दहा ते पाच या घरात एकच माणूस राहील. कोण, ते महिनाअखेरपर्यंत ठरवा." ओरडली असती तर मी मनावर घेतलं नसतं. शांतपणे म्हणाली, म्हणून माझी पाचावर धारण बसली.

तेव्हा मला तुम्ही आठवलात. तुमचं कसं छान चाललंय! कंपनीचं नाव, कंपनीची पाटी, आपण फक्त गल्ल्यामागे बसायचं आणि लोकांनी शेठ म्हणायचं. (तुम्ही पहाटे उठता असं आमची ही सांगते, पण तेवढं सोडून द्या.) म्हटलं, आपणही फ्रँचायझी घ्यावी. तुमच्याच कंपनीच्या मुख्य ऑफिसात गेलो. तिथल्या सल्लागार बाई माझ्या लेकीच्या वयाच्या, पण भारी चिकाटीच्या. म्हणाल्या, धंदा आपल्या स्वभावाला मानवेल असाच घ्यावा, आणि चाळीस प्रश्नांचा फॉर्म दिला. 'तुम्हाला माणसं आवडतात का?' या प्रश्नापुढे मी 'कोणती?' असं लिहिलं. बाईंनी फॉर्म मिटला आणि म्हणाल्या, काका, कंपनीची तीन प्रकारची दुकानं आहेत, प्रत्येकात एकेक दिवस बसूनच बघू.

पहिल्या दिवशी लाँड्री. नऊ मशिनं. जरा कान दिला तर चार नंबरचं बेअरिंग रडत होतं. खिशात चिठ्ठ्या होत्याच. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सात मशिनं बंद, आणि लोक ओले कपडे बादलीत भरून, माझ्याकडे बघत बघत घरी चाललेले. दुसऱ्या दिवशी लहान मुलांचं खेळघर. तिथे प्लॅस्टिकचा एक बोगदा आहे. आता मी जन्मात कुठलीही गोष्ट बाहेरून पास केलेली नाही, म्हणून आत शिरलो, आणि मध्यावर अडकलो. मागे पोरांची रांग. एका चिमुरडीने माझे तळवे ढकलत "आजोबा, श्वास सोडा!" असा हुकूम केला, तेव्हा कुठे सुटका झाली. (पोरगी पुढेमागे तपासनीस होणार.) मग मी दाराशी उभा राहिलो आणि आत काय काय कधी मोडू शकेल ते आईबापांना क्रमवार समजावलं. तासाभरात खेळघर इतकं सुरक्षित झालं, की आत कोणीच उरलं नाही. तिसऱ्या दिवशी तुमच्यासारखीच एक बेकरी. एका बाईंनी विचारलं, केक ताजा आहे ना? मी म्हटलं, परवाचा आहे. खोटं कशाला बोलू? रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं आणि रांग पांगली.

सल्लागार बाईंनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, "काका, धंद्यात माणसं आत आणायची असतात. तुम्ही तीन दिवसांत तीन ठिकाणची बाहेर काढलीत." खोटं नाही सांगत साडूभाऊ, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. महिना संपायला आठ दिवस उरले होते. दहा ते पाच बागेतल्या बाकावर डबा घेऊन बसलेला मी मला दिसायला लागलो. (त्या बाकाचा डावा पाय हलतो.) निघताना सवयीने तिन्ही दुकानांचे अहवाल टेबलावर ठेवले, अकरा-अकरा पानांचे. बाईंनी चाळायला घेतले आणि मध्येच उठून आत साहेबांकडे धावल्या. साहेब बाहेर आले आणि त्यांनी माझा हातच धरला! म्हणे, असा माणूस आम्ही दोन वर्षं शोधतोय. तर आता मी कंपनीचा गुप्त ग्राहक झालोय. साध्या गिऱ्हाइकासारखं दुकानात जायचं, खायचं-प्यायचं आणि खोट काढायची. दहा ते पाच! हिने बातमी ऐकून मिक्सरवरची चिठ्ठी माझ्यादेखत फाडली.

कळावे, मेहुणीबाईंना नमस्कार.

तुमचा,
साडू

ता. क. यादीत पहिलं दुकान तुमचं आहे. गुरुवारी दुपारी चार वाजता. तुमचा करार माझ्या अहवालावर अडलाय म्हणे. दुकानदाराला आधी कळवायचं नाही असा कंपनीचा कडक नियम आहे, आणि एकतीस वर्षांत मी कुणाला कळवलेलं नाही. आजही कळवत नाही, नुसती खुशाली लिहितोय. पण माझ्या हातून खोटं लिहिलं जायचं नाही, आणि तुमची पाटी उतरलेली मला बघवायची नाही. तेव्हा फ्रीज, खिडकीजवळची डुगडुगती खुर्ची, बेसिनचा नळ आणि परवाचा केक, एवढं कृपा करून बघा. गुरुवारी मला ओळख देऊ नका. हे पत्र फाडून टाका.

आणखी ता. क. भाऊजी, हे मी लिहितेय. यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय. फ्रीज आणि नळ अवश्य दुरुस्त करा, केक ताजा ठेवा, पण तुमच्या पाया पडते, खुर्ची तशीच राहू द्या. एकही खोट सापडली नाही, तर हे संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात येतील.