काकीकडचा खोका

आई, तुझा आवाज मला आठवेनासा झाला होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यापायीच घडलं. तुझे शब्द आठवतात, अगदी तोंडपाठ. "ताट झाकून ठेव." "दिवेलागणीच्या आत घरात ये." "किती गं फिदीफिदी हसशील?" पण ते आठवायला गेलं की मनात जो आवाज उमटतो तो माझाच असतो, आता तर चांगला घोगरा झालेला. फोटो आहेत तुझे. माझ्या लग्नात आहेस, विहारासमोर बायकांच्या रांगेत अगदी कडेला आहेस, आणि सगळीकडे तोंड घट्ट मिटलेलं. घरातही तू बोलायचीस ते कामापुरतं. मोबाइल यायच्या आधी जी माणसं गेली त्यांचे आवाजही त्यांच्याबरोबर गेले, अशी मी मनाची समजूत घालून घेतली होती.

मग तुझ्या नातवाने एक उद्योग केला. तो आता कुंभिवलीला कंपनीत आहे, आणि त्याला जुन्या वस्तूंचा भारी नाद. बाबांच्या गायन पार्टीची आपल्या घरात भरलेली ती एकुलती एक कॅसेट त्याने कुठूनशी साफसूफ करून आणली आणि काडेपेटीएवढ्या प्लेयरमध्ये उतरवून माझ्या हातात ठेवली. म्हणाला, आई, हे कानात घाल आणि ऐक. मी म्हटलं, कानात बुचं घालून मी माझ्या बापाला ऐकणार नाही. बाबांना ऐकायचं तर दहिवलीच्या घरात, त्यांच्या ॲम्प्लिफायरवर, आपण ज्याला मशीन म्हणायचो त्यावर. तो हसला. हसू दे. रविवारी मी खालापूरहून निघाले आणि आपलं बंद घर उघडलं.

मशीन जागेवर होतं. तू जुन्या लुगड्याचं शिवलेलं झाकण अजून त्याच्यावर आहे, किनार वर दिसेल असं शिवलेलं. पुसलं, वायर लावली, बटण दाबलं. दिवा लागला आई. इतक्या वर्षांनी तो पिवळा दिवा लागला आणि स्पीकरच्या खोक्यातून घूंऽ असा बारीक आवाज आला, तेव्हा मी चक्क हात जोडले. मग केला घोटाळा. आपल्याकडे मशीनमध्ये आवाज घालायचा म्हणजे पुढच्या माइकच्या भोकात घालायचा, एवढंच आपल्याला ठाऊक. पार्टीच्या ट्रंकेत एक जुनी वायर होती, ती प्लेयरला जोडून मी सरळ माइकच्या भोकात खुपसली. बाबा असे फाटून ओरडले की समोरच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला. कर्जतच्या बाजारात दुकानदाराला सांगितलं, तर त्याने एक नवी वायर दिली. एका टोकाला प्लेयरची बारकी पिन, दुसऱ्या टोकाला दोन, एक लाल, एक पांढरी. म्हणाला, "ताई, पुढं नाय, मागं लावा. टेप लागायचा ना, तिथं. प्लेयरचा आवाज मुळातच मोठा असतो, माइकच्या भोकात तो आणखी मोठा होतो, म्हणून फाटतो."

मागे लावलं आणि बाबा आले. पेटी आणि बाबा, जसे रविवारी सकाळी यायचे तसेच. मागे कुठेतरी भिंतीपलीकडून यावी तशी पुसट ढोलकी आणि बायकांचा कोरस. मी जमिनीवर बसून रडले, पण ते रडणं ओळखीचं होतं, त्याची तयारी होती. मुलाला फोन करून ऐकवलं तर तो म्हणतो, "आई, दुसरा स्पीकर कुठाय? दोन माइकवर भरलंय ते. तू अर्धंच ऐकतेस." मी म्हटलं, मी जन्मभर एवढंच ऐकलंय. आणि बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं की दुसरा खोका काकीकडे आहे.

तुला सांगायला नको, पण मी लिहिते, म्हणजे मलाच नीट लागेल. शेजारची काकी नवी नवरी असताना भाताच्या भाऱ्यांच्या उंच उडवीवरून पडली आणि कंबर धरून अंथरुणाला खिळली. दिवसभर एकटी. बाबांनी मधल्या भिंतीला भोक पाडलं, वायर सोडली आणि एक खोका तिच्या उशाशी ठेवला. काकी पुढे बरी होऊन शेतात जायला लागली, पण खोका काही परत आला नाही, कुणी मागितलाही नाही. गाणं लावायचं आपल्या घरात आणि वाजायचं दोन घरांत, हीच रीत झाली. मोठ्याने लावलं की काकी भिंतीवर लाटणं आपटायची. कॅसेट भरली तेव्हाही खोका तिकडेच होता. तो दिवस मला दिसतो. भिंतींवर गोधड्या टांगल्यात, पंखा बंद, खिडकीला पोतं. एक माइक बाबांच्या पेटीपुढे, दुसरा ढोलकी आणि कोरसच्या बायकांपुढे. मला ओट्यावर बसवलंय, गल्लीतली पोरं आणि कोंबड्या गप्प ठेवायला. पोरं ऐकतात, कोंबडा ऐकत नाही. तू आत चहाच्या भांड्यापाशी असशील असं मी धरून चाललेय.

काकी आता काठी घेऊन चालते. खोका तिच्या टीव्हीखाली होता, वर प्लास्टिकची फुलं. म्हटलं, काकी, जरा वेळ नेऊ का? म्हणाली, "ने की. पन मलाबी ने. त्यो खोका माज्या कानाचा हाय." तिच्या नातवाने उचलून आणून दिला. मी उजव्या बाजूच्या वायरी लावल्या, काकीला मधे खुर्ची दिली, तर ती खुर्ची ओढून बरोबर त्या खोक्यापाशी जाऊन बसली, त्याच्याकडे कान करून.

मग उजवीकडून ढोलकी उठली, आणि टाळ्या, आणि बायका. पुसट नाही, भिंतीपलीकडून नाही, इथे, हात लावावा इतक्या जवळ. त्यांत एक आवाज सगळ्यांच्या जरा पुढे होता. जाड, थोडा खरखरीत, आणि न घाबरता वर चढणारा. बाबा डावीकडून ओळ टाकत होते आणि तो आवाज उजवीकडून ती अशी उचलत होता, जसं कुणी तुमच्या डोक्यावरची जड पाटी सहज उतरवून घ्यावी. घरात एवढीशी खोली आपली, पण ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत भरली.

"वळखलीस ना गं?" काकीने विचारलं. "तुजी आयस हाय ही. त्या दिवशी कोरसातली एक बाय आली नाय. तुजा बाप बोलला, आता तूच बस. नाय नाय करत बसली."

मी म्हटलं, "काकी, आईला कुठे गाता येत होतं? ती तर म्हणायची, मला नाही येत."

"तुमाला सांगं तसं. दर रविवारी भाकऱ्या झाल्या का माज्याकडं यायची. विरजान दे, म्हने. दर खेपेला कसलं गं विरजान, तुमच्यात दूध तरी व्हतं का येवढं? वाटी ठेवायची खाली नि बसायची या खोक्याला टेकून. सोताचंच गानं आयकत. हू नाय का चू नाय. मी म्हनले, अगं पोरीला तरी सांग. तर म्हने, नको गं, हसतील."

ती वाटी मला आठवते, आई. स्टीलची, कडेला पोचा आलेली. तू ती घेऊन निघालीस की बाबा कॅसेट लावायचे, मान खाली घालून, जणू सहज. आम्हाला वाटायचं, आईला गाण्याचं काही नाही, गाणं लागलं की ही शेजारी गप्पा मारायला जाते. आणि ते बॅलन्सचं बटण! मी एकदा ते खेळता खेळता पार डावीकडे फिरवलं होतं. तू काकीच्या घरातून धावत आलीस, पायात चप्पल नाही, आणि माझ्या हातावर अशी चापट मारलीस की बाबाही उठून उभे राहिले. "त्या बटनाला पुन्हा हात लावशील तर बघ!" एवढ्याशा बटणासाठी एवढा राग कशाला, हे मला कधीच कळलं नव्हतं. काकीकडचा खोका बंद पडला होता, मी तुला मधेच तोडलं होतं. रविवारी ते कळलं आणि मी तुझ्या झाकणाच्या किनारीवरून हात फिरवत बसले.

केवढं मोठं काहीतरी तू एका वाटीत लपवून नेत होतीस. मला अजून पुरतं झेपलेलं नाही. मी भिंतीच्या अलीकडे बसून डाव्या खोक्याला आपलं घर समजत होते आणि पलीकडे तू गात होतीस, ऐकतही होतीस, एकाच वेळी. बाबांना ठाऊक होतं, काकीला ठाऊक होतं, आणि त्या दोघांनी तुझा शब्द असा पाळला की तुम्ही दोघं गेल्यावरही काकीने कधी तोंड उघडलं नाही. खोका परत न्यायला कुणी आलं तरच सांगायचं, असं तिने ठरवलं होतं म्हणे. मी काकीच्या पाया पडले. ती म्हणाली, "माज्या कसल्या पडतेस, तिकडं पड," आणि खोक्याकडे बोट दाखवलं. मी पडले. हसू नकोस. खोका परत तिच्याकडे ठेवला, पुढच्या रविवारी पुन्हा आणीन म्हटलं. प्लेयर माझ्याजवळ आहे, रोज लावते, आता कानात बुचं घालूनसुद्धा. उजव्या कानात तू असतेस.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं ते मला माहीत नाही, मुलालाही दाखवणार नाही. पण एक गोष्ट तुझ्याजवळ बोलल्याशिवाय राहवत नाही. काकीने "वळखलीस ना?" विचारलं तेव्हा मी मान हलवली होती. आई, मी ओळखलं नव्हतं. तो आवाज पहिल्यांदा आला तेव्हा मी मनात म्हटलं, बाबांच्या पार्टीत ही एवढी छान गाणारी बाई कोण होती?