रापणीतला वाटा

देवबाग, मंगळवार

चि. सौ. विनीतास,

हरिश्चंद्रदादाचे अनेक आशीर्वाद. इकडे मी आणि माझा डावा गुडघा, दोघेही सुखरूप. तुझं पित्त कसं आहे? (आमसूल घेत जा.) निवृत्तीनंतर गावी एकट्याने राहून बघायला तू मला सहा महिन्यांची मुदत दिलीस, वर घरात पाहुणे उतरावेत म्हणून तुझ्या ऑफिसातल्या आकांक्षाबाईंना सहकुटुंब पाठवलंस, त्याबद्दल आधीच आभार मानतो. पुढचं वाचल्यावर तू ते घेणार नाहीस.

किल्ला मीच दाखवला. भर समुद्रातल्या बेटावर गोड्या पाण्याच्या विहिरी, हे रंगात येऊन सांगताना दूधबाव म्हणून दाखवली ती दहीबाव निघाली. बाईंच्या यजमानांनी मोबाइलमध्ये बघून चूक काढली (माणूस सभ्य, हळूच काढली). मग डॉल्फिन. मी दाखवलेल्या डॉल्फिनला होडीवाल्याने काठीने ढोसलं, तर तो जाळ्याला बांधलेला कॅन. चाळीस वर्षं मुंबईत काढलेल्याने आपल्याच गावाचा वाटाड्या होऊ नये, हे तुझं म्हणणं तेव्हा पटलं. इथे मला अजून सगळे मुंबईकरच म्हणतात, ते उगाच नाही.

परत येताना किनाऱ्यावर रापणीचं लांबलचक जाळं दोरीने ओढणं चाललं होतं. आकांक्षाबाईंच्या सासूबाई (कांदासुद्धा वर्ज्य) फोटोपुरत्या दोरीला लागल्या, त्या सोडीनात. त्यांना आवरायला म्हणून मीही मागून दोरी धरली आणि तासभर ओढत राहिलो. जाळं वर आलं, वाळूवर वाटे पडले. वाटे घालणाऱ्या गंगूने सासूबाईंच्या ओंजळीत सहा बांगडे ठेवले. त्या खात नाहीत, असं मी सांगितलं.

"खावंदेत नायतर नको," गंगू म्हणाली. "जेणा रापणीक हात लायल्यान, तेका वाटो."

मग आणखी सहा बांगडे माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "हरिश्चंद्रा, ह्यो तुझो. उद्या येळार ये."

विनू, बढतीचा कागद हातात पडला तेव्हाही माझे डोळे भरले नव्हते. सासूबाईंनी आपले सहाही माझ्याच पिशवीत टाकले आणि वाकून नमस्कार केला. हे सगळं तुझ्यामुळे झालं. तुझे उपकार मी विसरणार नाही.

तुझा,
दादा

ता. क. मुदत संपते म्हणून तू काढलेलं रविवारचं तिकीट रद्द कर. भांडायचं असेल तर इकडे येऊन भांड.

ता. ता. क. बांगडा साफ कसा करतात ते फोनवर सांग. कालचे बारा मी गुपचूप मांजरांना घातले. आता गावात कुणाला विचारायची सोय राहिलेली नाही.