कच्चा बिब्बा

पुणे, ४ जानेवारी १९८४

ती. आत्यास,
विशाखाचा सविनय जयभीम. वि. वि.

धोंडीबाकाकांच्या एसटीतून पाठवलेले बिब्बे मिळाले. सोबतची धपाटी मात्र वाटेतच संपली. काका कंडक्टर आहेत, तुम्हीच त्यांना विचारा.

बातमी चांगली नाही. काचेच्या बशीत कर्करोगाच्या पेशी वाढवून त्यांवर आम्ही बिब्ब्याचा अर्क घातला. पेशींना काही म्हणता काही झालं नाही, उलट त्यांनी बाळसं धरलं. आजी गाठीवर बिब्बा द्यायची, म्हणून सरांशी भांडून हा विषय घेतला होता. सर म्हणाले, आणखी एकदा बघू, नाहीतर बिब्बा सोड आणि दुसरं झाड धर. मला रडूच आलं. पुन्हा थोडे बिब्बे पाठवाल का?

मामांना जयभीम. माझ्यावर जीव आहेच, तो राहू द्या.

तुमची,
विशाखा

येरमाळा, १२ जानेवारी १९८४

चि. विशाखास,
आत्याचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

रडतेस काय वेडे? माझ्या बालवाडीतली पोरंसुद्धा एवढ्यावर रडत नाहीत.

तुझं पत्र वाचून मी कपाळावर हात मारला. अगं, ते बिब्बे कच्चे होतेच कुठं? टोप्या कापून, विटेच्या भुकटीत तेल निघेपर्यंत चोळून, ऊन पाण्यानं धुऊन पाठवले होते. घरच्या लेकराच्या हातात कच्चा बिब्बा कोण देतं? लहानपणी एकदा फोडलास तर तोंड सुजून टरबूज झालं होतं. तुझे मामा म्हणाले, भिमाबाई, तू औषधातलं औषधच काढून ठेवलंस. लई हसले.

यंदा विहिरीनं तळ दाखवलाय, पण डोंगरातला बिब्बा लदलाय. आज सकाळीच कच्चे बिब्बे धोंडीबाकडे दिले. उघड्या हातानं शिवू नकोस. सोबत सुक्या खोबऱ्याची वाटी आहे. हात उतलाच तर उगाळून लाव. ती खायची नाही.

पत्र टाकायला आळस करू नकोस.

तुझी आत्या,
भिमाबाई

पुणे, २ फेब्रुवारी १९८४

ती. आत्यास,
सविनय जयभीम.

अक्षर वाकडं आलंय, कारण बोटांना पट्ट्या आहेत. बिब्बे एसटीनं दुसऱ्याच दिवशी आले आणि तुमचं पत्र पोस्टानं मागाहून. तोवर मी ते पहिल्यांसारखेच समजून उघड्या हातानं फोडले. सरांनी एक नखानं टोकरून बघितला आणि तोच हात गालाला लावला. त्यांच्या गालाची सूज अजून उतरलेली नाही. खोबरं आम्ही सगळ्यांनी चहाबरोबर खाऊन टाकलं. चांगलं होतं.

पण आत्या, पेशी मेल्या! बशीच्या बशी साफ! मी सुजलेल्या हातांनी टाळ्या पिटल्या आणि ओरडलेसुद्धा. सर म्हणाले, लगेच हुरळून जाऊ नकोस, चांगल्या पेशीही मरतात का ते बघायचंय, औषध व्हायला आयुष्य जाईल. मग तसल्या गालानंच हसले आणि म्हणाले, बिब्बा सोडायचा नाही.

खोबऱ्याच्या दोन वाट्या लगेच पाठवा, एक मला आणि एक सरांना. या वेळी खाणार नाही.

आणि लोभ मात्र विटेच्या भुकटीत घोळू नका. तो कच्चाच पाठवा.

तुमची,
विशाखा