गोळीआधी रक्त

प्रिय मंगला,

माझं रक्तातलं क्रिएटिनिन पुन्हा एक पूर्णांक एकवर उतरलं, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील. तुझी किडनी माझ्या पोटात झकास चाललीय. नवलच बाई! आपल्या दोघी जावांचं एका ओट्यावर कधी पटलं नाही. बारा वर्षं मी नांदेडला तुझ्या घरी पाऊल टाकलं नाही, आणि द्यायची वेळ आली तेव्हा सगळ्यांच्या आधी तूच उभी राहिलीस.

परवा डॉक्टरीणबाईंना विचारलं, दुसऱ्याचा अवयव शरीर सहन कसं करतं? त्या म्हणाल्या, रोजची ही गोळी मूळची मातीतल्या एका जंतूकडून मिळाली. त्याचं रसायन आपल्या रक्तातल्या शिपायांना आवरून धरतं. ते कमी पडलं की शिपाई किडनीवर तुटून पडतात, जास्त झालं की किडनीलाच बाधतं. म्हणून अधूनमधून रक्त तपासायचं, तेही सकाळची गोळी घेण्याआधी. मला हसूच आलं. जन्मभर माती राहू नये म्हणून मी पालेभाज्या चारचारदा धुतल्या!

आता माझा प्रताप ऐक. जूनमध्ये इथल्या कोठी भागात लॅबच्या रांगेत बसले होते. नऊला तुझा रोजचा फोन आला, गोळी घेतली का म्हणून. थांब, आधी रक्त द्यायचंय, एवढं म्हणायला माझ्या जिभेला काय झालं होतं? पण तुझ्यापुढे हलगर्जी दिसायची लाज वाटली आणि मी गोळी गिळून टाकली. लॅबवाल्यालाही बोलले नाही. ताज्या गोळीमुळे आकडा भलताच चढा आला, डोस कमी केला गेला, आणि महिन्याभरात किडनी बिघडायला लागली. पाच दिवस दवाखान्यात सलाईन लावून पडले होते. तुझी देणगी मी घालवली, या भीतीनं जीव अर्धा झाला, आणि तुला मात्र फोनवर सगळं छान आहे म्हणत राहिले.

माझ्या लेकानं, संदेशनं, तुला खरं सांगितलं, तेव्हापासून पंधरा दिवस तू फोन उचलत नाहीस. माझ्या फोनमुळेच हे झालं म्हणून रडत होतीस म्हणे. अगं वेडे, चूक माझी, माझ्या ताठ्याची! तेवढ्यासाठीच हे पत्र. डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला हो म्हटलंय. रविवारी सिकंदराबादहून गाडीत बसते. आता रुसवेफुगवे नक्को. चार दिवस राहायला येतेय, दार उघड.

तुझीच,
पद्मावतीअक्का