बाबांनी माझं ऐकलं

अँकुड, चिलोए बेट
१२ जून १९६०

प्रिय मेलानियाताई,

तुझं पत्र पोचलं. टपालाची बोट परवापासून येऊ लागली, म्हणून उत्तराला उशीर. आई बरी आहे. आम्ही टेकडीवर मामाकडे राहतो; खालचं घर उरलेलं नाही. बटाटे आहेत, चूल पेटते, पाऊस रोजचाच.

मामाच्या तारेत बाबा 'सापडले नाहीत' एवढंच होतं. कसं झालं, असं तू विचारलंस.

त्या रविवारी दुपारी जमीन इतकी हलली की आम्ही अंगणात गवत धरून पडून राहिलो. थांबल्यावर आई टेकडीकडे निघाली. पाण्याची तिची भीती तुला ठाऊक आहे. बाबा फाटकाशी घुटमळले, मला म्हणाले, "ओदे, मीही वर येऊ का?"

मी आईला वर घेऊन गेले. मागे वळून पाहिलं, तर खाडी रिकामी. शेवाळ चमकत होतं. आजोबांच्या काळात बुडालेलं गलबत चिखलात कुशीवर निजलं होतं. कुठे आवाज नाही, कुत्रंही भुंकत नव्हतं. ओसरत्या पाण्याबरोबर बाबांची होडी दूर खाडीच्या तोंडाशी गेली होती.

मग पाणी परत आलं. फेस नाही, घाई नाही. तपकिरी डोंगर चालत यावा तसं. होडी त्याच्यावर चढून आली, घरांवरून, सफरचंदांच्या झाडांवरून. क्षणभर बाबा आमच्या डोळ्यांसमोर होते, इतके जवळ की शर्टाचं उसवलेलं कोपर दिसलं. ते खाली आपल्या छपराकडे बघत होते, स्वप्नात बघावं तसे. पाणी फिरलं आणि त्यांना घेऊन गेलं.

आई रोज म्हणायची, "हट्टी माणूस. जन्मात कुणाचं ऐकलं नाही."

त्या दिवशी ऐकलं होतं, ताई. फाटकाशी मीच म्हटलं, "वर दरडी कोसळतायत, बाबा. होडीत बसा. पाण्यावर काही हलत नाही."

काल आईला सांगितलं. ती बटाटे सोलत होती. हातातला बटाटा सोलून पातेल्यात टाकला आणि म्हणाली, "मेलानियाला कळवलंस?"

"नाही."

"तिचेही बाप होते ते."

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. पण आज सकाळी हा कागद आणि दौत तिनेच माझ्यापुढे आणून ठेवली.

तू जे लिहिशील ते मी तिला मोठ्याने वाचून दाखवेन. एक शब्दही गाळणार नाही.

तुझी म्हणू की नको, ते तू ठरव,
ओदिलिया